प्रकल्पाच्या फोल्डरमधील सेटिंग फाईल आपोआप लागू होऊ द्यावी का? सल्ला हवा

गंगापूररोडकर: नमस्कार. आमचे चार जणांचे छोटे कार्यालय असून ग्राहकांकडून आलेले जुने प्रकल्प दुरुस्त करून देणे हे आमचे काम आहे. मी निओव्हिम हा कोड लिहायचा एडिटर वापरतो. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये तो सुरू करताच त्याच प्रकल्पाची सेटिंग्ज आपोआप लागू व्हावीत, अशी सोय त्यात 'एक्सआरसी' या पर्यायाने होते. मात्र ती फाईल म्हणजे चालणारा कोड असल्यामुळे, अनोळखी ग्राहकाचे फोल्डर उघडताच त्याने लिहिलेले काहीही माझ्या संगणकावर चालेल, ही भीती मनातून जात नाही. खर्च शून्य रुपये आणि वेळ फार तर अर्धा दिवस, एवढीच माझी तयारी आहे.

पंचवटीकर: मी डिरेन्व्ह (फोल्डरमध्ये शिरताच त्या प्रकल्पाची सेटिंग्ज टर्मिनलमध्ये लागू करणारे साधन) वापरतो आणि पूर्ण समाधानी आहे. नवी '.एन्व्हआरसी' ही त्याची सेटिंग फाईल दिसली की ते ती चालवत नाही. आपण वाचून 'अलाऊ' म्हटल्यावरच चालवते आणि फाईलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी पुन्हा विचारते.

कॅनडाकॉर्नर: अशा कामांसाठी मी ६५ हजारांचा वेगळा लॅपटॉपच घेतला आहे. त्यावर बँकेचे काही नाही, पासवर्ड नाहीत आणि महिन्यातून एकदा सगळे पुसून टाकतो. सुरक्षेवर खर्च करायचा नसेल तर प्रश्न विचारून काय उपयोग?

गंगापूररोडकर: दादा, खर्च शून्य असे मी पहिल्याच निवेदनात लिहिले आहे.

अंबडवाला: मी अंबडच्या एका कारखान्यात होतो तेव्हा पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणाऱ्या फाईलने आमचे सगळे संगणक एका आठवड्यात आजारी पाडले होते. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी ती सोय बंद करणारा अपडेट सर्वांना २०११ साली दिला, पण तोपर्यंत आमचे भोगून झाले होते. 'आपोआप' हा शब्द दिसला की मी ते बंदच करतो.

सिडकोकन्या: पेनड्राइव्हचा आणि एडिटरच्या सेटिंगचा काय संबंध?

अंबडवाला: ताई, दोन्हीकडे दुसऱ्याची फाईल आपल्याला न विचारता चालते, एवढाच संबंध आहे आणि तो पुरेसा आहे. २०१९ मध्ये व्हिम या एडिटरच्या मोडलाइनमध्ये (फाईलमध्येच सेटिंग लिहिलेली ओळ) सापडलेली त्रुटी आठवा. साधी मजकूर फाईल उघडल्यावर तिच्यातील एका ओळीतून आज्ञा चालवता येत होती.

सिडकोकन्या: ते मान्य. पण विचारणारी सोय तरी कितपत कामाची आहे? व्हीएस कोड (दुसरा एक एडिटर) २०२१ पासून 'या फोल्डरवर विश्वास आहे का' असे विचारते. पहिले दोन दिवस मी वाचून उत्तर देत होते. नंतर बोट आपोआपच 'हो'वर जाऊ लागले. एका प्रकल्पात फोल्डर उघडताच चालणारे टास्क (आधीच लिहून ठेवलेली आज्ञा) होते. त्याने काही बिघडवले नाही हे माझे नशीब. प्रत्येक फोल्डरला तोच प्रश्न आला की माणूस वाचणे सोडून देतो.

मेनरोड_७: डिरेन्व्ह वापरून पाहा, ते फाईल बदलली की पुन्हा विचारते.

पंचवटीकर: हे मी वर लिहिले आहे.

तपोवन: डिरेन्व्हच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. परवानगी फक्त त्या एका फाईलच्या मजकुराला मिळते. त्या फाईलने प्रकल्पातील दुसरी स्क्रिप्ट बोलावली असेल, तर ती स्क्रिप्ट उद्या बदलली तरी पुन्हा विचारले जात नाही. निओव्हिम ०.९ पासून एक्सआरसीची फाईलही मजकुराच्या हॅशवरून (मजकुरापासून काढलेल्या खुणेवरून) तपासली जाते, पण तिथेही गोम हीच आहे. दुसरे असे की ग्राहक प्रकल्प झिपमध्ये पाठवतात का? गिटने (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) क्लोन केल्यावर, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेतल्यावर, समोरच्याची '.गिट' फोल्डरमधील कॉन्फिग, म्हणजे गिटची सेटिंग्ज, येत नाही, झिपमध्ये मात्र तीही येते आणि तिच्यात असा प्रोग्राम नेमता येतो जो 'गिट स्टेटस' ही साधी आज्ञा देताच चालतो.

कॅनडाकॉर्नर: गिट तर आता परक्या मालकीचे फोल्डर नाकारते. मी त्याच्या सुरक्षित फोल्डरांच्या सेटिंगमध्ये तारांकन (म्हणजे 'सगळे') टाकून ती कटकट कायमची मिटवली आहे.

तपोवन: झिप तुम्हीच उघडल्यावर फोल्डरची मालकी तुमचीच होते, त्यामुळे ती तपासणी इथे उपयोगी पडत नाही. आणि तारांकन टाकले म्हणजे तपासणीच काढून टाकली. ६५ हजारांच्या लॅपटॉपवर निदान ती तरी चालू ठेवा.

गंगापूररोडकर: सर्वांचे आभार. तपोवन यांचा झिपचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. यापुढे क्लोनच मागेन आणि झिप आलीच तर त्यातील '.गिट' काढून मगच फोल्डर उघडेन. बाकी मी डिरेन्व्हही घेत नाही आणि एक्सआरसीही बंद ठेवतो. माझ्या स्वतःच्या निओव्हिम कॉन्फिगमध्ये फोल्डरच्या पत्त्यानुसार सेटिंग्ज लिहिली. अकरा प्रकल्पांना दोन तास लागले. सहकाऱ्यांना तेच पुन्हा लिहावे लागेल याची जाणीव आहे. '.एडिटरकॉन्फिग' तेवढी चालू ठेवली आहे, कारण तिच्यात टॅब किती जागांचा अशा किमतीच असतात, आज्ञा नसतात.

मेनरोड_७: अकरा प्रकल्पांसाठी हे हाताने केलेत? डिरेन्व्ह एकदा तरी पाहायला हवे होते.