मदत हवी आहे: वॉशिंग मशीन मोटरची एरर दाखवून थांबतंय

आमचं फ्रंट लोड मशीन, बेल्टवर चालणारं, आठ वर्षं जुनं. पाणी घेतं, ड्रम दोनदा हिसका देतो आणि मोटरची एरर. प्लग काढून दहा मिनिटांनी लावला की रिकामं असताना व्यवस्थित फिरतं; ओले कपडे असले की पुन्हा तेच रडगाणं.

मेकॅनिकने मागचं झाकणही न उघडता 'बोर्ड गेलाय' म्हणून सांगितलं. मला काही ते पटेना. प्लग काढून स्वतःच उघडलं. बेल्ट जागेवर आहे, ड्रम हाताने सहज फिरतो. मोटर बाहेर काढली तर आत काळी पूड! एक कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) जेमतेम १ सेंमी उरलाय, दुसरा जवळपास दुप्पट आहे. नवी जोडी मागवली आहे.

आता प्रश्न असा, की कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) काळे पट्टे दिसतायत, ते अगदी बारीक पॉलिश पेपरने घासले तर चालेल का? आणि मोटरच्या मागचा टॅकोचा (मोटरचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) कॉइल मल्टिमीटरने तपासला, रेझिस्टन्स दाखवतोय, म्हणजे तुटलेला नाही. तरी त्याचं मॅग्नेट सैल असेल तर हीच एरर येते का? कोणी हे घरी केलं असेल तर कृपया सांगा, बादलीत कपडे भिजत पडलेत.