'ययाति': देवयानीवर अन्याय कचानं केला, की आपण वाचकांनी?

धरमपेठवाली
आमच्या वाचनगटात या महिन्यात वि. स. खांडेकरांची 'ययाति' होती. गप्पा रंगल्या, पण कौल जवळजवळ एकमुखी पडला: ययाती आणि शर्मिष्ठा ही खरी जोडी, देवयानी मधली धोंड. एक काकू तर म्हणाल्या, "देवयानी नसती तर त्या दोघांचं सोनं झालं असतं." मला हे मुळीच पटलं नाही. तिथे बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहिते.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हस्तिनापूरच्या राजा ययातीचं लग्न देवयानीशी होतं, आणि तिची दासी होऊन आलेल्या दैत्यराजाच्या मुलीशी, शर्मिष्ठेशी, त्याचं प्रेम जुळतं. त्याआधीची गोष्ट अशी. देवांचा कच दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो. दैत्य त्याला मारतात आणि गुरुकन्या देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला पुन्हा जिवंत करतात. तिसऱ्या खेपेला दैत्य त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. त्यांच्या पोटातून कच बाहेर येतो, येताना विद्या घेऊन येतो. देवयानी त्याला लग्नाचं विचारते. तो म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, आता तू माझी बहीण. ती शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. तोही उलटून शाप देतो की कुठलाही ऋषिकुमार तुझं पाणिग्रहण करणार नाही.

या दुसऱ्या शापावर कोणी बोलतच नाही! जिनं आपल्यासाठी बापाचा जीव पणाला लावला, तिचं पुढचं सगळं आयुष्य कच एका वाक्यात ठरवून टाकतो. आश्रमात वाढलेली मुलगी राजवाड्यात येऊन पडते ती त्यामुळे. ययातीसारख्या माणसाच्या हाती ती लागते ती त्यामुळे. पहिल्याच रात्री नवऱ्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो. ज्या मद्यातून तिच्या वडिलांना कचाची राख पाजली गेली, त्याच मद्याचा. तिनं तोंड फिरवलं तर आपण तिला 'थंड' म्हणतो, 'अहंकारी' म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या कादंबरीत जुळायला हवी होती ती एकच जोडी, कच आणि देवयानी. शर्मिष्ठेवर आपण जो जीव टाकतो, तो देवयानीला झोडपून टाकतो.

अजनीचा भाऊ
ताई, तुम्ही मनापासून लिहिलं, पण मले नाही पटलं. कचानं नाही म्हटलं म्हणून देवयानीले जे भोगा लागलं ते समजतो मी. पण मंग शर्मिष्ठेनं काय भोगलं ते बी मोजा ना! पाण्यावर खेळताना कपड्यांची अदलाबदल झाली, भांडण झालं, दोघीही बोलल्या, शर्मिष्ठेनं तिले विहिरीत ढकललं. चूक झाली, मान्य. पण त्याची सजा काय, तर राजाच्या पोरीनं जन्मभर दासी होऊन राहायचं? थे बी आपल्या सखीची? शुक्राचार्य राज्य सोडून जातो म्हणाले अन् या पोरीनं आपल्या लोकांसाठी मान खाली घातली. एवढं मोठं मन त्या अख्ख्या कथेत दुसऱ्या कोनाचं आहे सांगा बरं.

अशा बाईले अशोकवनात एकटीले थोडं सुख भेटलं, तर आपन वाचक म्हणून खुश नाही व्हायचं? मी तं झालो. पहिल्यांदा वाचलं तेव्हाही झालो अन् आताही होतो.

इंदोरा चौक
दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही दोघंही राजकन्या आणि गुरुकन्या यांच्यातच अडकलेले आहात. अलका कोणाला आठवते का?

ययातीच्या दाईची मुलगी, सोनेरी केसांची. ययातीवर तिचं मनापासून प्रेम, आणि कादंबरीच्या पहिल्या भागातच राजमाता तिला विष देऊन संपवते. का? तर युवराजाच्या जवळ दासीची पोर नको. राजवाड्यात प्रेमाची किंमत जन्मावरून ठरते हे खांडेकरांनी सुरुवातीलाच दाखवून ठेवलंय, आणि वाचक पुढे जाताना ते मागे सोडून देतो. शर्मिष्ठेचं दासीपण आपल्याला टोचतं कारण ती मुळात राजकन्या आहे. अलका जन्मानं दासी, म्हणून तिचं मरण प्रस्तावनेसारखं वाचून पान उलटायचं?

माझ्यासाठी या कादंबरीतली एकमेव जोडी अलका-ययाती, कारण तिथे त्याच्याकडून काही मिळवायचं नाही, सूड नाही, शाप नाही. आणि तो तिला वाचवू शकत नाही. पुढचा ययाती, बाईच्या सहवासात मरणाची भीती विसरू पाहणारा ययाती, तिथूनच घडत जातो असं मला वाटतं.

बर्डीचा वाचक
अलकेबद्दल अगदी सहमत. पण धागा काढणाऱ्या ताईंशी माझं भांडण आहे.

कच-देवयानी जोडी जुळली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. कच आला होता एका कामासाठी. हजार वर्षांचं गुरुगृही राहण्याचं व्रत, ते महाभारतातही आहे. काम झालं, तो निघाला. देवयानीला तो हवा होता म्हणजे काय हवं होतं? तिला तो *आपला* हवा होता. तिच्या प्रेमात 'माझं' हा शब्द फार मोठा आहे. पुढे ययातीशीही तेच, मुलाशीही तेच. महाभारतात तर नवरा दुसरीकडे गेलाय कळल्यावर ती धाव घेते ती वडिलांकडे, आणि त्यातून ययातीवर म्हातारपणाचा शाप येतो. हे प्रेम आहे का? मालकी आहे.

शर्मिष्ठेचं तसं नाही. ती पुरूला घेऊन रात्रीतून हस्तिनापूर सोडते, पण मुलाच्या मनात बापाबद्दल विष पेरत नाही. तोच पुरू पुढे बापाला आपलं तारुण्य देतो. आईच्या प्रेमाची परीक्षा मुलात होते, हे खांडेकरांना नीट ठाऊक होतं.

धरमपेठवाली
@बर्डीचा वाचक, 'मालकी' हा शब्द तुम्ही किती सहज वापरलात! मग ययातीचं काय? लग्न एकीशी, सहवास दुसरीशी, आणि दोघी दुरावल्यावर वर्षानुवर्षं भोगाच्या मागे. मुलाकडे तारुण्य मागणारा हा माणूस. त्याला आपण 'दुर्बळ पण प्रेमळ' म्हणतो आणि देवयानी मात्र मालकीण? पुरुषानं घेतलं तर भूक, बाईनं मागितलं तर हाव, असा हिशेब मी मान्य करणार नाही.

@अजनीचा भाऊ, शर्मिष्ठेचा त्याग मी कमी लेखत नाही. सखीला दासी करणं हे क्रूरच. पण विहिरीकाठचं भांडण जरा आठवा. 'तुझा बाप माझ्या बापाच्या दारचा याचक' असं शर्मिष्ठा म्हणते. ज्या मुलीचं सगळं जग म्हणजे तिचे वडील, तिच्या वडिलांबद्दल. आणि ढकलून निघून जाते, मेली की जगली ते न पाहता.

वऱ्हाडची लेक
मी मूळची अमरावतीकडची, लग्नानंतर नागपुरात. मला या चर्चेत एक गोष्ट घालायचीच आहे.

आपल्या विदर्भाच्या कथांतल्या मुली पाहा. कौंडिण्यपूरची रुक्मिणी स्वतः कृष्णाला निरोप धाडते की येऊन मला घेऊन जा. दमयंती भर स्वयंवरात देवांना बाजूला सारून नळाला माळ घालते. इंदुमती अजाला निवडते. या तिघींना आपण डोक्यावर घेतो, मुलींना त्यांची नावं ठेवतो. देवयानीनं तेच केलं! कचाला स्वतः विचारलं. ययातीलाही स्वतः विचारलं, तू माझा उजवा हात धरून मला बाहेर काढलंस, आता तोच हात धर म्हणाली. तिला मात्र आगाऊ ठरवलं. फरक एवढाच की रुक्मिणीला होकार मिळाला आणि देवयानीला नकार. निकालावरून बाईचं शील ठरवायचं का?

आणि वंश पाहा. देवयानीचा मुलगा यदु. त्याच्या वंशात कृष्ण. पुराणांत आपला विदर्भ राजाही यदुवंशातलाच सांगितलाय. म्हणजे रुक्मिणी माहेरूनही आणि सासरूनही देवयानीचीच. आपल्या पूर्वजबाईला इतकं टाकून बोलणं मला जमत नाही.

अजनीचा भाऊ
ताई, हे वंशाचं खरंच ध्यानात नव्हतं आलं माह्या. मस्त सांगितलं. पण पूर्वज आहे म्हणून तिचं वागनं माफ होते असं नाही. पुरूच्याच वंशात कौरव-पांडव झाले, म्हणून शर्मिष्ठेले महाभारताचा दोष नाही देत ना आपन? मी शर्मिष्ठेच्याच बाजूनं.

बर्डीचा वाचक
एक मुद्दा कचाबद्दल. कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली आहे. कच स्वतः निवेदन करत नाही. त्याचं मन आपल्याला दिसतं ते इतरांच्या नजरेतून. म्हणून तो इतका निर्मळ वाटतो. १९१३च्या खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकापासून कच मराठी माणसाचा लाडका आहे, खांडेकरांनी त्याला आणखी उंच नेलं. अशा माणसाला नवरा म्हणून कल्पनाच करता येत नाही मला. देवयानीला तो मिळाला असता तर ती रोज त्याच्या मोठेपणाशी भांडत बसली असती.

धरमपेठवाली
भांडली असती, हो. पण ज्याच्याशी भांडावंसं वाटतं असा माणूस तरी समोर असता. ययातीशी ती भांडत नाही, नुसतं दार लावून घेते. आणि कचाला बोलायला जागा दिली नाही हे तुम्हीच सांगितलंत. त्याच्या मनात देवयानीबद्दल काहीच नव्हतं, असं मग तुम्ही कशावरून म्हणता? मन मोडताना हात थरथरला नसेल, असं मला नाही वाटत. थरथरला असेल, तर शाप द्यायची गरज नव्हती. नुसतं निघून जायचं होतं.

इंदोरा चौक
या वाक्याशी मी पूर्ण सहमत. नकार देण्याचा हक्क त्याला होता. शाप देण्याचा नव्हता.