मदत हवी आहे: नारळी पौर्णिमेला बाबांना समुद्रावर न्यायचंय, इंग्लंडमधला वाळूचा किनारा सुचवा

हर्णैची लेक:

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला राहतो, गाडी नाही. आई-बाबा ऑगस्टमध्ये येताहेत. बाबांचा जन्म कोकणातल्या हर्णैचा, घर बंदराच्या अगदी जवळ. इथे दोन-तीन आठवडे झाले की त्यांना करमेनासं होतं. बोलून दाखवत नाहीत, पण खिडकीशी बसून वारा कुठून येतोय ते बघत राहतात.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा शनिवारी आली होती. आगगाडीने जाता येतं म्हणून वेस्टन-सुपर-मेअर निवडलं. फोटोत लांबलचक वाळू, पिअर (समुद्रात आत गेलेला लांब धक्का), मुलांसाठी गाढवावरची रपेट, सगळं छान. दुपारी साडेबाराला पोचलो तर समुद्रच नव्हता. वाळू, तिच्यापुढे चिखल आणि पार लांब एक राखाडी रेघ. बाबा म्हणाले, "ओहोटी आहे, चालत जाऊ." पँट दुमडली, नारळ हातात घेतला आणि निघाले. वाळू संपली तिथे पाय घोट्याच्या वर रुतला. किनाऱ्यावरच्या एका बाईंनी जोरजोरात हाका मारून त्यांना परत बोलावलं आणि धोक्याची पाटी दाखवली. मला ती दिसलीच नव्हती, याचं फार वाईट वाटतं.

नारळ घरी परत आला. आईने त्याचा नारळीभात केला. बाबांनी दोन घास खाल्ले.

यंदा पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात आहे. मला अशी जागा हवी आहे जिथे भरदुपारीसुद्धा वाळूला लागून पाणी असेल. आईचे गुडघे दुखतात, मऊ वाळूत तिला फार चालवत नाही. मुलगा पाच वर्षांचा आहे. आणि इथे समुद्रात नारळ सोडलेला चालतो का? कृपया अनुभवाचं सांगा.

ब्रिस्टॉलकर:

ताई, पाटी दिसली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पण त्या बाईंचे खरंच उपकार. तो चिखल वरून घट्ट दिसतो आणि आत धरून ठेवतो. तिथे माणसं अडकतात आणि भरती येते तेव्हा फार वेगाने येते.

तुमची जागा चुकली त्याहून जास्त तिथी चुकली. वेस्टन ब्रिस्टॉलच्या खाडीवर आहे आणि ही खाडी तुतारीसारखी आत निमुळती होत जाते, त्यामुळे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या वर जातो. जगात फार थोड्या ठिकाणी एवढा फरक आहे. आपल्याकडे मुंबईलाही उधाणाला साधारण पाच मीटरच. त्यात वेस्टनची खोड अशी की अमावस्या-पौर्णिमेला भरती सकाळी आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला येते. म्हणजे भरदुपारी नेमकी पूर्ण ओहोटी. दरवर्षी नारळी पौर्णिमेला तिथे दुपारी हेच चित्र असणार! उलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत, दुपारी एक-दोनला पाणी वाळूपर्यंत येतं. मी मुलांना नेतो तेव्हा आधी तिथी बघतो, मग भरतीचं वेळापत्रक, आणि मगच तिकीट काढतो.

डॉर्सेटवासी:

डोळे मिटून बोर्नमथला या. रेडिंगहून थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत पोचाल. इथे भरती-ओहोटीतला फरक पौर्णिमेलासुद्धा दोन मीटरच्या आसपासच, त्यामुळे समुद्र कधीच लांब पळत नाही. पिवळी, बारीक वाळू जवळजवळ अकरा किलोमीटर पसरली आहे, आणि तिच्या कडेने सपाट फरसबंद रस्ता. आईंना त्या रस्त्यावरच्या बाकावरून पाणी समोर दिसेल. तरी त्यांना अगदी लाटांपर्यंत न्यायचं असेल तर रुंद चाकांची, वाळूवर चालणारी खुर्ची मिळते. आधी नगरपालिकेकडे चौकशी करून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

स्टेशनपासून किनारा पायी वीस-पंचवीस मिनिटं आहे आणि शेवटी उतार लागतो. आईंसाठी बस घ्या.

एक मनापासूनची विनंती: पौर्णिमेनंतरच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आहे. त्या तीन दिवसांत ऊन पडलं तर पिअरच्या दोन्ही बाजूंना टॉवेल टाकायला जागा उरत नाही. पौर्णिमेच्याच दिवशी, कामाच्या वारी या. आणि पिअरपासून पूर्वेला बॉस्कमच्या दिशेने थोडं चाला, गर्दी झपाट्याने कमी होते.

हर्णैची लेक:

ब्रिस्टॉलकर, डोक्यात प्रकाश पडला! बाबा हर्णैला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. इथेही तेच गृहीत धरून ते निघाले होते. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला भरती असणार, आम्ही अर्धा तासच उशिरा पोचतोय, असं गाडीत म्हणत होते.

डॉर्सेटवासी, सुट्टी टाकते. नारळाचं काय करू?

ब्रिस्टॉलकर:

मग बाबांना सांगा, वेस्टनला त्यांच्या उत्तरात साधारण आठ तास मिळवायचे. अष्टमीची पाऊणपट सहा, अधिक आठ, म्हणजे दुपारचे दोन. उन्हाळ्यातल्या घड्याळाला हा हिशेब जवळपास जुळतो. दिवस निवडायला तो पुरे, पण पाण्यात उतरताना छापील वेळापत्रकच बघा.

डॉर्सेटवासी:

नारळाला सोनेरी कागद किंवा दोरा काही गुंडाळू नका. प्लॅस्टिकची पिशवी, निरांजन, अगरबत्ती घरीच ठेवा. पोहणाऱ्यांच्या डोक्यावर बसेल असा फेकू तर मुळीच नका. आम्ही घोटाभर पाण्यात उभं राहून नारळ लाटेला टेकवतो, नमस्कार करतो आणि घरी आणून फोडतो. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. आता त्या म्हणतात, दर्याला पोचलं.

कार्डिफची नर्स:

उशिरा लिहितेय, पण हे वाचाच. तुमचे बाबा हर्णैला पोहलेले असतील तर माझी काळजी त्यांचीच जास्त आहे. ऑगस्टअखेरही इथलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं, कोकणात ते २७-२८ असतं. एकदम शिरलं की श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जातं. पट्टीचा पोहणारासुद्धा यात सापडतो. हळूहळू उतरा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा, तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं. लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नका. काही झालं तर पाठीवर पडून तरंगत राहायचं, हातपाय मारायचे नाहीत. किनाऱ्यावरच्याने ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

मुलाच्या पायात रबरी बूट घाला. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातल्या वाळूत वीव्हर नावाचा छोटा मासा दडलेला असतो. त्याचा काटा आपल्या शिंगाळा माशाच्या काट्यासारखा सणकून लागतो. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा तास बुडवला की कळ उतरते. आणि आईंना शाल द्या. वारा अडवायला काठ्या लावलेलं कापड मिळतं, विंडब्रेक म्हणतात, ते आधीच घेऊन ठेवा.

हर्णैची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं काढली, खुर्चीसाठी ईमेल केला, मुलाचे बूट मागवले. डबा दहीभात आणि मेथीच्या पराठ्यांचा.

काल बाबांना फोनवर सगळं सांगितलं. थंड पाण्याचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. बोर्नमथला भरतीचं पाणी बराच वेळ वर राहतं, तिथे पाऊणपटीचा हिशेब लागत नाही, हेही मी शोधून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सकाळची पहिली गाडी घे. दिवसभर बसून बघतो कसं चढतं ते."

पहिल्या गाडीची तिकिटं बदलून घेतली आहेत.