डायलिसिस आणि रक्तातले धातू: नेमक्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

रानजाई
नमस्कार. आईचं हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. हल्ली तिच्या तोंडाची चव गेली आहे, हाडं दुखतात म्हणते आणि इंजेक्शनं चालू असूनही हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नाही. एका परिचितांनी ठामपणे सांगितलं की किडनी बंद पडली की अंगात जड धातू साठतात, म्हणून केसांची तपासणी करून 'डिटॉक्स'चा कोर्स घ्या आणि सोबत झिंक, सेलेनियम सुरू करा. धातू खरंच साठतात का? साठत असतील तर कुठली तपासणी भरवशाची? आणि ते येतात तरी कुठून? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. मी फार काळजीत आहे.

पाणघर
रानजाई, मी डायलिसिस युनिटमध्ये पाण्याची यंत्रणा सांभाळतो, त्यामुळे सुरुवात पाण्यापासूनच करतो. 'कुठून येतात' याच्या उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे.

मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली द्राव वाहतो. चार तासांचे १२० लिटर होतात, आठवड्याचे ३६०. एरवी माणूस आठवड्यात पंधरा-वीस लिटर पाणी पितो, तेही आतड्यातून गाळून आत जातं आणि नको ते किडनी बाहेर टाकते. इथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. त्यात अ‍ॅल्युमिनिअमसारखा धातू रक्तात शिरला की प्रथिनांना चिकटतो आणि मग पडद्यातून परत येत नाही. म्हणून पाण्यात अगदी थोडा असला तरी तो एकाच दिशेने सरकत राहतो.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅल्युमिनिअम बऱ्याच देशांत चालतं, कारण पाणी निवळायला तुरटी वापरतात. डायलिसिसच्या पाण्यात मर्यादा ०.०१ आहे, म्हणजे वीसपट कडक. शिसं आणि आर्सेनिक प्रत्येकी ०.००५, कॅडमियम ०.००१, पारा ०.०००२, तांबं आणि जस्त ०.१. हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. १९९६ मध्ये कुरासाओ बेटावर पाणीपुरवठ्याची नवी नळवाहिनी आतून सिमेंटने मढवलेली होती. त्या सिमेंटमधलं अ‍ॅल्युमिनिअम पाण्यात उतरलं आणि डायलिसिसचे दहा रुग्ण दगावले. तेच पाणी गावातले बाकीचे लोकही वापरत होते, पण त्यांच्या किडन्या चालू होत्या.

युनिटमध्ये आरओच्या पुढे तांब्या-पितळेचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नळ, जोड चालत नाहीत. स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्लास्टिकच हवं. अ‍ॅसिड कॉन्सन्ट्रेट ओढायला अ‍ॅल्युमिनिअमचा पंप बसवल्यामुळे रुग्णांच्या रक्तात अ‍ॅल्युमिनिअम चढल्याचीही नोंद आहे. म्हणजे आरओ उत्तम असला तरी पुढचा एखादा भाग घात करू शकतो.

एक गोष्ट धातूची नाही, पण तुमच्या आईच्या हिमोग्लोबिनशी संबंध असू शकतो म्हणून सांगतो. पाण्यात क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करायला वापरतात ते क्लोरीनचं संयुग) राहिलं तर रक्तपेशी फुटतात. ते काढायला कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक असतात. आम्ही पाणी थोडा वेळ चालू ठेवून पहिल्या टाकीनंतरच्या नळातून नमुना घेतो, पट्टी किंवा रसायन घालून रंग बघतो आणि वहीत आकडा लिहून सही करतो. हे प्रत्येक पाळीआधी व्हायला हवं. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. ती वही मागायला अजिबात संकोचू नका. नीट चालणाऱ्या युनिटला ती दाखवण्यात अडचण नसते.

गोळीपाकीट
मी फार्मसिस्ट आहे. घरातला औषधांचा डबा एकदा रिकामा करून प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. अ‍ॅसिडिटीच्या कित्येक द्रव औषधांत अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, सुक्राल्फेटमध्येही अ‍ॅल्युमिनिअम असतं. त्यासोबत सायट्रेट पोटात गेलं (फसफसणाऱ्या गोळ्या, कॅल्शियम सायट्रेट, पोटॅशियम सायट्रेटचं सिरप) तर आतड्यातून अ‍ॅल्युमिनिअम कैक पटींनी जास्त शोषलं जातं. ही जोडी डायलिसिसच्या रुग्णाला नकोच. फॉस्फरस कमी करायला पूर्वी अ‍ॅल्युमिनिअमच्याच गोळ्या देत. आता सेव्हेलामर, कॅल्शियम, लँथॅनम असे पर्याय आहेत. बिनचिठ्ठीचं अ‍ॅसिडिटीचं औषध आज थांबवून डॉक्टरांना कळवा, लिहून दिलेलं मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.

धातू किंवा खनिजं घातलेली पारंपरिक औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. शिसं आणि पारा त्या वाटेने येतो, आणि घरचे लोक 'ते काय औषध थोडंच' म्हणून सांगतच नाहीत.

दीपस्तंभ_नेफ्रो
किडनीविकारात काम करतो. आईला न तपासता निदान सांगणार नाही, पण क्रम सांगतो.

हिमोग्लोबिन न वाढण्याची नेहमीची कारणं आधी बघा: लोह कमी, कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा सूज, डायलिसिस अपुरं, पीटीएच (हाडांतलं कॅल्शियम ओढणारं संप्रेरक) खूप वाढलेलं. हाडांच्या दुखण्यातही पीटीएच आणि व्हिटॅमिन डी आधी. हे सगळं ठीक असूनही एमसीव्ही कमी, म्हणजे रक्तपेशी लहान, हाडं दुखतात आणि बोलताना जीभ अडखळते किंवा हात-पाय झटके देतात, असं चित्र दिसलं तर अ‍ॅल्युमिनिअमचा संशय घ्यायचा. अडखळणं असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

तपासणी एकच उपयोगाची: रक्तातलं अ‍ॅल्युमिनिअम. नमुना डायलिसिसच्या आधी, धातूमुक्त नळीत (बहुधा गडद निळ्या टोपणाची) घ्यायला सांगा. साध्या नळीतूनच अ‍ॅल्युमिनिअम मिसळतं आणि अहवालात आकडा खोटाच जास्त येतो. लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत असायला हवं. वर्षातून एकदा ही तपासणी करण्याची शिफारस आहे, अ‍ॅल्युमिनिअमची औषधं चालू असतील तर दर तीन महिन्यांनी.

केसांची तपासणी करू नका. शाम्पू, रंग, धूळ, पाणी सगळं केसांत उतरतं, आणि त्या आकड्यावरून डायलिसिसच्या रुग्णाबद्दल ठरवता येईल असं काही नाही. 'डिटॉक्स'चा मला खरोखर राग येतो. धातू ओढून काढणारं डेफेरॉक्सामिन आम्ही वापरतो, पण फार जपून. अ‍ॅल्युमिनिअम लिटरला २०० मायक्रोग्रॅमच्या वर असताना ते दिलं तर हाडांतला धातू सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून आधी शुद्ध पाण्यावर जोरकस डायलिसिस करून पातळी खाली आणतात. शिवाय या औषधामुळे म्युकरसारखी बुरशी बळावते. हे घरी किंवा कुठल्याशा केंद्रात करून घ्यायचं काम नाही.

हिरवीवाट
मी स्वतः डायलिसिसवर आहे. चवीचं दुःख मला समजतं, जेवणाचाच कंटाळा येतो. आम्हा डायलिसिसवाल्यांत जस्त आणि सेलेनियम बऱ्याचदा कमी असतं हे खरं आहे. माझं जस्त रक्तात कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी ठराविक काळासाठी गोळी दिली आणि पुन्हा तपासलं. जास्त दिवस जास्त जस्त घेतलं तर तांबं खाली जातं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा रक्त कमी होतं, पायांत बधिरपणा येतो. म्हणून आईला मोजल्याशिवाय देऊ नका. सेलेनियममध्ये तर पुरेसं आणि जास्त यातलं अंतर फार थोडं. तोंड कोरडं पडणं, काही औषधं, डायलिसिस कमी पडणं यानेही चव जाते, तेही विचारा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. डबा उघडला. अ‍ॅसिडिटीच्या बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड लिहिलंय, आणि आई ते जेवल्यावर रोज घेते. बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जाणार आहोत. आणखी एक: तिच्या खांद्याचा एमआरआय सुचवलाय. त्यातल्या इंजेक्शनमध्येही धातू असतो म्हणे?

दीपस्तंभ_नेफ्रो
हो, गॅडोलिनियम. २००६ मध्ये लक्षात आलं की काही जुन्या प्रकारच्या इंजेक्शनांनी किडनी बंद असलेल्या रुग्णांची त्वचा आणि सांधे कडक होतात. आताच्या वर्तुळाकार रचनेच्या औषधांत हा धोका फारच कमी आहे. खांद्यासाठी बहुतेक वेळा इंजेक्शनशिवायच एमआरआय पुरतो, तो तसाच होईल का विचारा. लागलंच तर रेडिओलॉजीला डायलिसिसचं आधी कळवा आणि इंजेक्शननंतर लगेच डायलिसिस होईल अशी वेळ घ्या.

पाणघर
पाण्याचा रासायनिक अहवाल मागाल तेव्हा दोन जागा बघा. नमुना कुठून घेतला हे लिहिलेलं असतं: तो आरओनंतरचा हवा, शहराच्या पाण्याचा नको. दुसरं, अ‍ॅल्युमिनिअमसमोर '०.०५ पेक्षा कमी' असं छापलेलं असेल तर तो अहवाल काहीच सांगत नाही, कारण मर्यादाच ०.०१ आहे. प्रयोगशाळेचं यंत्र तेवढं बारीक मोजू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि कुणी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) दाखवून 'पाणी एकदम शुद्ध' म्हणालं तर त्यावर थांबू नका, इतका कमी धातू त्या मीटरला दिसत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून घ्यायला सांगा. हवं असेल तर अहवालातले आकडे, नावं झाकून, इथे टाका. मी वाचून सांगतो.