मदत हवी आहे: फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेस कारची स्पर्धा) गाडीत डेटा लॉगर (सेन्सरची रीडिंग साठवणारं यंत्र) कसा बसवावा?

गाडी ३७३ सीसी सिंगल सिलिंडर, स्टील ट्यूबची चासी. काम मुंबईतल्या कॉलेज वर्कशॉपमध्ये. लॉगरचा डबा (४०० ग्रॅम) सीटमागे फायरवॉलच्या (चालक आणि इंजिनमधला पडदा) ब्रॅकेटला थेट बोल्टने आवळलाय. एमपीयू-६०५० सेन्सर (गाडीचा प्रवेग मोजणारी चिप) त्याच डब्यात, रीडिंग १०० हर्ट्झने.

तक्रारी दोन. सरळ पट्ट्यात ६००० आरपीएमच्या आसपास लॅटरल जीमध्ये (आडव्या दिशेच्या प्रवेगात) संथ लाटा दिसतात. आणि सेल्फ मारला की कधीकधी लॉगर रीसेट होतो, चालू फाइल नंतर उघडत नाही. डबा रबरावर घेतला तर दोन्ही जातील का?

गॅरेज_परळ:
दुसरीचा रबराशी संबंध नाही. पहिलीही नुसत्या रबराने जाणार नाही.

६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, आणि सिंगलचा मुख्य हादरा फेऱ्यामागे एक. तुम्ही वाचताय तेही १०० हर्ट्झनेच. मग ६१०० आरपीएमचा १०१.७ हर्ट्झचा हादरा लॉगमध्ये १.७ हर्ट्झची लाट होऊन उतरतो. नंतर लॅपटॉपवर कितीही स्मूदिंग करा, ती निघत नाही, कारण गाडीची खरी हालचालही तेवढ्याच संथ हर्ट्झमध्ये असते. फिल्टर सेन्सरमध्येच लावा: डीएलपीएफ (चिपमधला डिजिटल लो-पास फिल्टर, वेगवान हादरे गाळणारा) सेटिंग ४, म्हणजे २१ हर्ट्झ.

सेन्सर डब्याबाहेर काढा. गुरुत्वमध्याजवळ, चासीला वेल्ड केलेल्या टॅबवर, कडक बसवा. रबरावर तो नकोच. वळणात डबा १ अंश जरी कलला तरी ०.०१७ जीची खोटी भर पडते.

डबा मात्र चार बॉबिनवर (दोन्ही टोकांना बोल्ट असलेले रबराचे गट्टू) घ्या. लोक इथे हमखास कडक रबर उचलतात. हलक्या डब्याखाली ते रबर नसल्यासारखंच. प्रत्येक बॉबिनचा कडकपणा साधारण १० न्यूटन प्रति मिमी हवा. फायरवॉल उभी आहे, म्हणून बॉबिन आडवा धरून टोकाला १ किलो टांगा. सुमारे १ मिमी झुकला तर घ्या. डब्याची स्वतःची कंपनसंख्या ५० हर्ट्झच्या आसपास येते आणि ६००० आरपीएमला एक तृतीयांश हादराच आत पोचतो. ३००० आरपीएमला डबा थरथरेल; तिथे गाडी रेंगाळत नाही, चालतं. चारी बाजूंनी ५ मिमी मोकळीक आणि वायरला सैल वळसा ठेवा. हार्नेस ताणलेला असेल तर हादरा त्यातूनच आत जातो. नट नायलॉकच (नायलॉनच्या कडीचे, हादऱ्याने न सुटणारे), नागदेवी स्ट्रीटला मिळतील.

तारजोडणी:
रीसेट म्हणजे क्रँकिंगला बॅटरीचा व्होल्टेज पडतोय. लॉगरच्या पुरवठ्यात शॉटकी डायोड (करंट उलटा बॅटरीकडे जाऊ न देणारा) आणि त्याच्यापुढे मोठा कपॅसिटर. १५० मिलिअँप, ०.२ सेकंद, ५ व्होल्टची घट चालणार असेल तर ६००० मायक्रोफॅरड लागतात. लॅमिंग्टन रोडवरून १०००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशाचा आणा. तो बोर्डाला सिलिकॉनने चिकटवा, नाहीतर पाय हादऱ्याने तुटतात. क्रँकिंग लांबत असेल तर बक-बूस्ट कन्व्हर्टर (आत येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी बाहेर ठरावीक देणारा) बरा. फर्मवेअरमध्ये दर सेकंदाला फाइल फ्लश करा (मेमरीतला डेटा कार्डावर लिहा).

धागाकर्ता:
आभार! पावसाळ्यात सीलबंद डब्यात सिलिका जेल टाकलं की भागेल?

तारजोडणी:
नाही. गरम डबा पावसात थंड झाला की ग्लँडमधून (वायर आत जाण्याच्या सीलमधून) ओल आत ओढतो. पाणी अडवणारा पण हवा सोडणारा ब्रीदर प्लग लावा, कनेक्टरची तोंडं खाली ठेवा, बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओलीपासून वाचवणारा पातळ थर) मारा. एसडी कार्डाचे आणि कनेक्टरचे संपर्क टेपने झाकून.