'ब्लेअर विच'मधला तो कोपरा

"शेवटपर्यंत चेटकीण दिसतच नाही, मग घाबरायचं कशाला?" हा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) या भयपटावरचा आक्षेप मला पटत नाही. न दिसणं हीच तर त्याची ताकद आहे. चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात गेलेले तीन विद्यार्थी वाट चुकतात, आणि आपण त्यांनीच केलेलं चित्रण बघतो. कॅमेरा गरागरा फिरून डोकं दुखतं, हे मात्र मान्य. नकाशावरून चाललेली भांडणंही मला लांबलेली वाटतात. पण त्या चिडचिडीमागे एक कारण आहे. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात तिघा कलाकारांनीच कॅमेरे हाताळत आठेक दिवसांत चित्रीकरण केलं. मायरिक आणि सांचेझ हे दिग्दर्शक लांब राहून फिल्मच्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी ठेवत. एकाच्या चिठ्ठीत काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसे. खाणंही दिवसागणिक कमी करत नेलं. त्यामुळे तो थकवा, ती खेकसाखेकसी बरीचशी खरी आहे.

आणि शेवट फुसका वाटणाऱ्यांनी सुरुवातीच्या मुलाखती पुन्हा ऐकाव्यात. पूर्वी तिथे मुलांचे खून करणारा माणूस एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा, असं एक गावकरी सांगतो. शेवट प्रेक्षकांना कळेना म्हणून तो तुकडा नंतर मुद्दाम चित्रित केला होता. पहिल्या वेळी माझ्याही कानावरून तो निसटला होता. दुसऱ्यांदा दिवे घालवून, हेडफोन लावून बघितला. तळघरात त्या तिघांपैकी माइक हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून गप्प उभा दिसला आणि अंगावर सर्रकन काटा आला.