वराडकरांचं खातं, ब्रुसेल्सची मुदत आणि आयर्लंडची दिरंगाई

लिफीकाठचा
डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाने 'ईसीएन प्लस' नावाने ओळखला जाणारा निर्देश काढला. मतलब इतकाच, की प्रत्येक सदस्य देशाने आपल्या स्पर्धा नियामकाला, म्हणजे कंपन्यांचं संगनमत रोखणाऱ्या संस्थेला, धाडी घालायचे आणि कंपन्यांना झोंबेल असा दंड करायचे अधिकार द्यावेत. मुदत होती ४ फेब्रुवारी २०२१. आयर्लंडचं विधेयक आलं जानेवारी २०२२ मध्ये, राष्ट्राध्यक्षांची सही झाली त्याच वर्षी २९ जूनला, आणि कायदा लागू व्हायला २७ सप्टेंबर २०२३ उजाडला. डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, विरोधकांनी यावरून सरकारला धारेवर धरलं ते योग्यच होतं.

विधेयक आणणारं उद्योग खातं होतं लिओ वराडकरांकडे. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून आपल्याकडे त्यांचं कौतुक फार. ते जरूर करा, पण कारभाराचा जाबही विचारा.

२०१६ च्या सुमारास इथे गाडी बाळगणाऱ्याला विचारा, विम्याच्या हप्त्याने कसा घाम फोडला होता. सीसीपीसी या इथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी लावली: येणाऱ्या दरवाढीची जाहीर वाच्यता करून कंपन्या एकमेकींना इशारे देताहेत का? पाच विमा कंपन्या, एक मध्यस्थ आणि दलालांची संघटना चौकशीत आली. शेवटी हाती काय लागलं? दोष कबूल न करता दिलेली हमीपत्रं. दंड शून्य, कारण दिवाणी प्रकरणात दंड लावायची सोयच कायद्यात नव्हती.

कलम_चौतीस
अर्धीच गोष्ट सांगितलीत. आयरिश घटनेच्या कलम ३४ नुसार न्यायदान न्यायालयात, न्यायाधीशांनीच करायचं. जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंतचा दंड एखाद्या अधिकाऱ्याने कचेरीत बसून ठोकला, तर कंपनी दुसऱ्या दिवशी हायकोर्टात जाणार. कलम ३७ न्यायालयाबाहेरच्या संस्थांना थोडी सूट देतं. ती कुठवर ताणता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ च्या झालेव्स्की निकालात सांगितलं. तो खटला कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाविरुद्धचा, पण प्रश्न तोच. आता स्वतंत्र निवाडा अधिकारी दंड ठरवतात आणि हायकोर्ट त्यावर शिक्कामोर्तब करतं. ही रचना निकालाआधी उभी केली असती तर टिकली असती, याची हमी कोण देणार होतं?

आणि तुमचं विम्याचं उदाहरण इथे गैरलागू. ती दरवाढ २०१६ च्या सुमारासची, तेव्हा हा निर्देशच निघाला नव्हता. शिवाय मार्च २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने वीसहून अधिक देशांना नोटिसा धाडल्या. एकट्या आयर्लंडला झोडपण्यात अर्थ नाही.

सावंतवाडीकर
वर्गात वीस पोरं नापास झाली म्हणून आपला पोरगा पास धरायचा काय?

लिफीकाठचा
@कलम_चौतीस, झालेव्स्की निकाल आला मुदत उलटून दोन महिने झाल्यावर. मुदत पाळायचा इरादा असता तर विधेयक त्याच्या आधीच सभागृहात दिसलं असतं. घटना १९३७ ची आहे, कलम ३४ काही रातोरात उगवलेलं नाही. ब्रुसेल्समध्ये निर्देशाला हो म्हणताना ही अडचण सरकारला ठाऊक नव्हती?

विम्याचं प्रकरण मुदतीआधीचं, कबूल. पण पोकळी किती जुनी होती ते त्यातून दिसतं. तोवर दंड हवा तर फौजदारी खटला, आणि तिथे संशयातीत पुरावा. फरशी-गालिच्यांच्या कंत्राटांत संगनमताने निविदा भरल्याचं प्रकरण आठवतंय? २०१७ मध्ये कंपनीला दंड झाला १० हजार युरो. एवढ्यात कोण घाबरतं?

पेठेतला_सीए
भारतातला अनुभव सांगतो. आपल्या स्पर्धा आयोगाला थेट दंड लावता येतो. २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी ठोकले. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आदेश रद्द केला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. घर बांधणाऱ्याच्या खिशात यातलं काय आलं? तेव्हा घाईघाईत अधिकार देऊन ते कोर्टात अडकवण्यापेक्षा दीड वर्ष उशीर परवडला. या बाबतीत मी वराडकरांच्या बाजूने.

सावंतवाडीकर
सीएसाहेब, पण आपल्याकडे निदान आदेश तरी निघाला. कोणी काय केलं ते कागदावर आलं. इथे नुसती हमीपत्रं. आणि दीड वर्ष कुठलं? फेब्रुवारी २०२१ ते सप्टेंबर २०२३ मोजा, अडीच वर्षांच्या वर जातं.

कलम_चौतीस
शेवटच्या टप्प्याला उशीर म्हणणं अन्याय आहे. निवाडा अधिकारी नेमायचे, कार्यपद्धती लिहायची, आधी येऊन कबुली देणाऱ्या कंपनीला किती सवलत ते ठरवायचं. हे न करता कायदा सुरू केला असता तर पहिलंच प्रकरण प्रक्रियेच्या मुद्द्यावर उडालं असतं, आणि मग तुम्हीच आणखी एक धागा काढला असता.

लिफीकाठचा
धागा काढला असता, यात शंका नाही. पण सही ते अंमल यात पंधरा महिने गेले आणि तेव्हा ना झालेव्स्की आडवा होता, ना कलम ३४. अधिकारी नेमायला विधेयकावर चर्चा चालू असतानाच सुरुवात करायला कोणाची हरकत होती? पहिल्या प्रतिसादापासून याचं उत्तर तुम्ही टाळताय.